दोन पॉइंटच्या मधला वेळ: टेनिस खेळता खेळता डोकं शांत ठेवायला कसं शिकायचं, आणि मुलांना कसं शिकवायचं

ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला बऱ्याच मोठ्या सोसायट्यांमध्ये आता टेनिस कोर्ट आहे, तिकडे वाशी, नेरूळ, खारघरलाही तेच चित्र, आणि संध्याकाळच्या बॅचला मुलाला सोडायला आलेले आईबाबा पहिल्या दिवशी साधारण एकच गोष्ट बोलतात. "सर, नॅशनल वगैरे नाही खेळला तरी चालेल, पण जरा कॉन्फिडन्स येऊ दे, फोकस वाढू दे, हरल्यावरची रडारड कमी होऊ दे." मला ही मागणी मनापासून आवडते. फक्त त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की मूल कोर्टवर येत राहिलं की हे सगळं आपोआप अंगात मुरेल. तसं होत नाही हो. वर्षानुवर्षं खेळून सुद्धा रॅकेट आपटणारी, लाइनवरचा, म्हणजे आत पडलेला, बॉल आउट देणारी, ४०-० वरून, म्हणजे एकच पॉइंट हवा असताना, गेम घालवला की पुढचे दोन गेम सोडूनच देणारी मोठी माणसं मी रोज बघतो. नुसतं खेळल्याने स्वभाव उघडा पडतो, एवढंच. तो बदलायचा असेल तर फोरहँडसारखाच शिकवावा लागतो, रोज थोडा थोडा, घाम गाळून. तो कसा शिकवायचा ते इथे लिहितोय. मुलांसाठी आहे, पालकांसाठी आहे आणि चाळिशीत रॅकेट हातात घेतलेल्यांसाठी पण आहे.

मधली पंचवीस सेकंदं

टेनिसमध्ये बॉल चालू असतो त्यापेक्षा बंद असतो तो वेळ जास्त. रॅली, म्हणजे बॉल इकडून तिकडे चालू राहतो तेवढा खेळ, बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत संपते, आणि नियमाने पुढचा पॉइंट सुरू करायला २५ सेकंदं मिळतात, बाजू बदलताना ९० सेकंदं, सेट संपला की १२० सेकंदं. म्हणजे मॅचमधला बराचसा वेळ तुम्ही एकटेच असता, शेजारी टीममेट नाही, पाठीवर थाप मारायला कोणी नाही, फक्त तुम्ही आणि तुमचं डोकं. आणि डोकं त्या वेळात काय करतं? मागचा शॉट परत परत दाखवतं, नाहीतर पुढे पळतं, हा सेट हरलो तर, बाबा काय म्हणतील, रँकिंग जाईल. जिम लोहर या अमेरिकन स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टने १९८० च्या दशकात मॅचच्या फिल्म बघून हेच मांडलं की वरच्या खेळाडूंचं वेगळेपण या मधल्या वेळात दिसतं, त्यांचं चालणं, बघणं, श्वास घेणं ठरलेलं असतं. आज टीव्हीवर कुठलाही मोठा खेळाडू बघा, प्रत्येकाचा मधल्या वेळातला क्रम ठरलेला आहे.

मी मुलांना जो क्रम शिकवतो तो असा. पॉइंट संपला, जिंकला किंवा हरला, नेटकडे पाठ करायची आणि रॅकेट दुसऱ्या हातात घ्यायची, म्हणजे खेळणाऱ्या हाताची मूठ सुटते. मग मागच्या जाळीकडे चालत जायचं, धावत नाही, पाय ओढत पण नाही, आणि नजर लांब टाकायची. आमच्या बाजूला येऊरचा डोंगर दिसतो म्हणून आम्ही म्हणतो डोंगर बघ, नवी मुंबईत पारसिकची रांग आहे, काहीच नसलं तर समोरच्या टॉवरचा सगळ्यात वरचा मजला. लांब बघितलं की समोरच्याचा चेहरा, बाबांचा चेहरा, स्कोअरबोर्ड, सगळं नजरेआड जातं. मग एक श्वास, आत जितका घेतला त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, खांदे खाली. आणि त्यानंतर एकच निर्णय. सर्व्ह कुठे टाकणार, किंवा रिटर्न कुठे मारणार. एकच, दोन नाहीत. मग लाइनवर यायचं, बॉल ठरलेल्या वेळा टप्पा द्यायचा आणि खेळायचं.

आठवीतली एक मुलगी आहे आमच्याकडे, तिचं बघण्यासारखं असतं. डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट गेला, की पूर्वी ती स्वतःच्या मांडीवर रॅकेट मारून घ्यायची. आता ती वळते, जाळीजवळ जाते, तिथे एक पातळसा हिरवा टॉवेल जाळीच्या भोकात खोचलेला असतो, तो काढून आधी हाताचा तळवा पुसते, मग ग्रिप, आणि मग बोटांनी स्ट्रिंग सरळ करते, एक एक, वरून खाली, जणू दुसरं काही कामच नाही. तोवर चेहरा रिकामा होतो. मग वळते. समोरच्या मुलीला कळतच नाही की हिचं आत्ता डबल फॉल्ट झालंय की एस, म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला न लागता जिंकलेला सर्व्ह.

आता हे शिकवायचं कसं, तर मॅचच्या दिवशी सांगून काही उपयोग नाही. आणि इथे कोचिंगची आपली रोजची पद्धतच आड येते बरं का. बास्केट घेऊन फीडिंग करताना आपण दर दोनतीन सेकंदांनी बॉल टाकतो, मुलगा मारत राहतो, शॉट सुधारतात हे खरं, पण तो मधला वेळ त्यात येतच नाही, म्हणजे मॅचमध्ये ज्यात सगळ्यात जास्त वेळ जातो त्याचीच प्रॅक्टिस शून्य. म्हणून तासाच्या बॅचमधली शेवटची वीस मिनिटं फक्त पॉइंट खेळवायचे, आणि नियम एकच, मधला क्रम पूर्ण केला नाही तर पॉइंट जिंकला तरी मिळत नाही. पहिले काही दिवस मुलं वैतागतात, "सर, विनर मारला होता ना!" मारला होता, पण पाठ केली नाहीस. काही आठवड्यांत ते हाडात बसतं, आणि मग घरून फोन येतात की गणिताच्या पेपरला दुसऱ्या प्रश्नात अडकला तर पेन खाली ठेवलं, खिडकीबाहेर बघितलं आणि तिसरा घेतला. इंटरव्ह्यूमध्ये एक उत्तर फसलं की पुढची चार पण फसतात ना आपली, तिथे पण हेच लागतं. मागचं संपवायला शरीराने काहीतरी करावं लागतं, नुसतं मनात "सोड, सोड" म्हणून ते सुटत नाही.

५४ टक्के

रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण केलं होतं, त्यातला एक आकडा मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. करिअरमध्ये तो १५२६ सिंगल्स मॅच खेळला आणि त्यातल्या जवळपास ८० टक्के जिंकला. पण पॉइंट किती टक्के जिंकले? फक्त ५४. म्हणजे इतका मोठा खेळाडू, पण जवळपास दर दुसरा पॉइंट हरलाय. मुलांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग हळूहळू चेहरा मोकळा होतो, कारण त्यांच्या डोक्यात असतं की चांगला खेळाडू म्हणजे चुकत नाही तो.

पण इथेच थांबलं तर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. त्याच फेडररची २०१९ ची विम्बल्डन फायनल बघा. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, स्वतःचा सर्व्ह, दोन चॅम्पियनशिप पॉइंट हातात, आणि जोकोविचने दोन्ही वाचवले आणि मॅच १३-१२ अशी टायब्रेकवर, म्हणजे बरोबरी तोडणाऱ्या शेवटच्या गेमवर, जिंकून नेली. त्या मॅचमध्ये फेडररने एकूण २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. जास्त पॉइंट जिंकणारा हरला. म्हणजे सगळे पॉइंट सारखे नसतात, काही जड असतात, हे पण खरंच आहे, आणि मुलाला खोटं कशाला सांगायचं की ब्रेक पॉइंट, म्हणजे सर्व्ह करणारा गेम गमावण्यापासून एकच पॉइंट दूर असतो तो, काही विशेष नाही, त्याला पोटात जाणवतंच ते.

मग करायचं काय? माझं मत असं की पॉइंट जड आहे हे मान्य करायचं आणि तरी त्याच्याशी हलक्या पॉइंटसारखंच वागायचं. क्रम तोच, टप्पे तेवढेच, श्वास तोच. म्हणूनच १५-० ला पण पूर्ण क्रम करायचा, म्हणजे ३०-४० ला तो उपरा वाटत नाही. प्रॅक्टिसला याचा सोपा ड्रिल आहे, गेम ०-० पासून न खेळता प्रत्येक गेम ३०-४० पासून खेळायचा, सर्व्ह करणारा कायम मागे. बारा-तेरा वर्षांची मुलं दोन महिने हे खेळली की ३०-४० ऐकून त्यांचा हात आखडत नाही.

दुसरा सर्व्ह हळू मारायचा नाही

हे मोठ्यांना पण आधी पटत नाही. पहिला सर्व्ह नेटमध्ये गेला की भीती वाटते, आणि भीती वाटली की माणूस हात आवरतो, बॉल नुसता ढकलतो. ढकललेला बॉल एकतर नेटमध्ये जातो नाहीतर समोरच्याला लाडू मिळतो. दुसऱ्या सर्व्हला हात पहिल्याइतकाच जोरात फिरवायचा असतो, फक्त रॅकेट बॉलच्या मागून सरळ न जाता खालून वर घासत जाते, स्पिन वाढतो, बॉल नेटच्या बराच वरून जातो आणि फिरण्यामुळे खाली बॉक्समध्ये पडतो. म्हणजे सुरक्षितता येते ती जोर काढून घेतल्याने येत नाही, जोर कुठे लावला त्याने येते. मुलाला हे तंत्र म्हणून शिकवा, उपदेश म्हणून अजिबात नको, कारण त्याला स्वतःच्या खांद्यात कळतं की घाबरून आवरलेला हात चुकतो आणि घाबरून सुद्धा पूर्ण फिरवलेला हात बॉल आत टाकतो. ते कळणं पुढे कुठे कुठे कामी येतं ते सांगायला नको, स्टेजवर बोलताना आवाज बारीक होतो तेव्हा आठवतंच.

याची प्रॅक्टिस सेशनच्या अगदी शेवटी करायची, पाय दमलेले असताना. दहा बॉल, सगळे दुसरे सर्व्ह, आणि बाकीची बॅच बाजूला उभी राहून बघतेय. बघणारी माणसं असणं महत्त्वाचं आहे, एकट्याने मारलेल्या सर्व्हमध्ये भीती नसते.

अडचणीत क्रॉसकोर्ट

टेनिस कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं. सरळ लाइनवर मारलं तर तेवढीच लांबी मिळते, पण सिंगल्स कोर्टच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं, म्हणजे क्रॉसकोर्ट, मारलं तर साधारण २५.१५ मीटर, म्हणजे जवळपास दीड मीटर जास्त जागा. त्यात नेट मधोमध ०.९१४ मीटर उंच असतं आणि खांबाजवळ १.०७, म्हणजे तिरका बॉल जिथून जातो तिथे नेट जवळपास अर्धा फूट खाली. जास्त जागा, कमी अडथळा. आणि तरीही दमलेला, मागे ढकलला गेलेला, एका पायावर असलेला मुलगा काय मारतो? डाउन द लाइन, म्हणजे सरळ लाइनवर. कारण त्याला हा त्रास एका फटक्यात संपवायचा असतो.

हे आकडे मुलांना टेप घेऊन मोजायला लावा. खरंच, मोजमाप टेप कोर्टवर आणा, दोन मुलांना एक एक टोक द्या, सरळ मोजा, तिरकं मोजा, नेटची उंची दोन ठिकाणी मोजा. स्वतः मोजलेलं विसरत नाहीत. मग नियम देऊन टाका, तोल गेलेला असेल तर उंच आणि तिरकं, तोल असेल आणि पाऊल कोर्टच्या आत असेल तरच सरळ. अडचणीत असताना आपल्याला सगळ्यात मोठा निर्णय घ्यायची घाई होते, राजीनामा लिहावासा वाटतो, भांडण आत्ताच्या आत्ता मिटवावंसं किंवा तोडावंसं वाटतं. अशा वेळी आधी तोल परत आणणारा शॉट मारायचा. मला विचाराल तर अख्ख्या टेनिसमधलं सगळ्यात उपयोगी शिक्षण हेच आहे आणि ते बहुतेक ठिकाणी फक्त स्ट्रॅटेजी म्हणून शिकवलं जातं.

लाइनचा बॉल

ज्युनिअर टुर्नामेंटमध्ये सुरुवातीच्या राउंडना बहुतेक वेळा प्रत्येक कोर्टवर अंपायर नसतो. आपल्या बाजूचा बॉल आत का बाहेर ते आपण सांगायचं, सर्व्ह करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा, आणि शंका असेल तर बॉल आत धरायचा. शंकेचा फायदा समोरच्याला, हा नियमच आहे. विचार करा, बारा वर्षांच्या पोराला आपण स्वतःच्या विरुद्ध न्याय द्यायला सांगतो, ते पण टायब्रेकमध्ये. शाळेत कुठल्या विषयात हे शिकवतात?

नवी मुंबईतल्या एका अंडर-१४ मॅचला हे डोळ्यासमोर झालं. आमचा मुलगा ३०-४० वर सर्व्ह करतोय, रॅली लांबली, समोरच्याचा बॅकहँड मागच्या लाइनला चिकटून पडला, याचं बोट आउट दाखवायला वर जायला लागलं, अर्ध्यावर थांबलं, आणि मग त्याने तळवा जमिनीकडे केला, गुड. गेम गेला. जाळीबाहेरून बाबा ओरडले, "अरे आउट होता तो!" हा वळून एवढंच म्हणाला, "मला नीट दिसला नाही, बाबा." आणि जाळीकडे चालायला लागला, डोंगर बघायला. मॅच पण हरला तो पुढे. पण त्याच्यावर माझा विश्वास आहे तसा फार थोड्या मोठ्या माणसांवर आहे, आणि हे मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, कारण असल्या गोष्टीचं कौतुक आपण मनात ठेवतो आणि विनरचं तेवढं ओरडून करतो.

शिकवायचं असं. प्रॅक्टिसला एका मुलाला लाइनच्या रेषेत बाहेर उभं करा आणि खेळणाऱ्याचा कॉल आणि त्याचा कॉल जुळतो का बघा. धावताना डोळे हलत असतात आणि लाइनवरचा बॉल बाहेर दिसतो, हे मुलांना स्वतःलाच कळून येतं, आणि मग समोरचा चुकला तर तो चीटरच आहे असं लगेच वाटत नाही. समोरच्याने खरंच चुकीचा कॉल दिला तर? एकदा शांतपणे विचारायचं, "पक्का आउट?" परत झालं तर रेफरीला बोलवायचं, तो हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही. आणि तिसरी गोष्ट, बदला म्हणून आपण एक खोटा कॉल द्यायचा नाही. कधीच नाही.

पालकांसाठी: गाडीतला प्रवास

मॅच संपवून घरी येताना घोडबंदरला ट्रॅफिक लागतो, तास तास गाडी हलत नाही, आणि त्या तासात पोरगं मागच्या सीटवर अडकलेलं असतं. तिथे मॅचचं पोस्टमॉर्टेम सुरू झालं की संपलं. मी पालकांना हात जोडून सांगतो, पहिला अर्धा तास फक्त खाणं, पाणी, गाणी. वडापाव घ्या, गप्प बसा. मुलाने स्वतः विषय काढला तर बोला, आणि तेव्हा सुद्धा प्रश्न विचारा, निकाल देऊ नका. कुठला पॉइंट परत खेळायला आवडेल? समोरच्याचं काय चांगलं होतं? हे दोन पुरतात. बॅकहँडचं काय करायचं ते सोमवारी कोर्टवर बघू ना आम्ही, ते आमचं काम आहे.

आणि एक हिशोब डोक्यात पक्का ठेवा. ३२ जणांचा नॉकआउट ड्रॉ असेल तर ३१ जण हरून घरी जातात. त्यातले १६ पहिल्याच मॅचला. दरवेळी. चांगली खेळणारी मुलं पण बहुतेक आठवड्यांत हरूनच घरी येतात, या खेळाची रचनाच तशी आहे, त्यामुळे हरण्याला घरात काय वातावरण मिळतं त्यावर मूल पुढची पाच वर्षं खेळणार की दहावीचं कारण सांगून सोडणार हे ठरतं. मला दिसतं ना, ज्या घरात हरल्यावर पण जेवण नेहमीसारखंच होतं ती मुलं टिकतात.

अजून एक, लहान मुलांच्या बाबतीत. सात वर्षांच्या मुलाला पिवळा बॉल आणि पूर्ण कोर्ट देऊ नका, तो मागेल तरी. पिवळा बॉल त्याच्या डोक्यावरून उडतो, दहातले आठ चुकतात आणि मग आपणच म्हणतो ह्याला कॉन्फिडन्स नाही. लाल बॉल ७५ टक्के हळू असतो, छोट्या ११ मीटरच्या कोर्टवर, मग ऑरेंज ५० टक्के हळू आणि १८ मीटर, मग हिरवा २५ टक्के हळू आणि पूर्ण कोर्ट. इंटरनॅशनल टेनिस फेडरेशनने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी हे हळू बॉल बंधनकारकच केले. कॉन्फिडन्स भाषणाने येत नाही, वीस बॉलची रॅली झाली की येतो, आणि लाल बॉलने ती पहिल्या महिन्यात होते. शेजारचा मुलगा पिवळ्या बॉलने खेळतो हे कारण होऊ शकत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघडी कोर्ट बंदच धरा. सिंथेटिक कोर्टवर पाणी साचतं, कडेला शेवाळ धरतं, आणि रंगवलेल्या पांढऱ्या लाइनवर ओला पाय पडला की घसरलाच म्हणून समजा, उगाच हट्ट करून गुडघा घालवू नका. बऱ्याच जणांचा खेळ याच चार महिन्यांत सुटतो. सवय मोडू द्यायची नसेल तर वेळ तोच ठेवा, जागा बदला. स्टिल्ट पार्किंगमध्ये दोरीवरच्या उड्या, शॅडो स्विंग, म्हणजे बॉलशिवाय रॅकेट फिरवणं, आणि स्प्लिट स्टेप, म्हणजे समोरच्याची रॅकेट बॉलला लागते त्या क्षणी घेतलेली छोटी उडी. एकाने हातातला बॉल सोडायचा, दुसऱ्याने सुटताना उडी घेऊन एका टप्प्यात पकडायचा, डावीकडे जाईल का उजवीकडे ते माहीत नसताना तयार राहायचं.

आणि विम्बल्डन नेमकं याच वेळी असतं, जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला सुरू होतं, मॅच आपल्याकडच्या साडेतीनपासून. मुलांना होमवर्क द्या की एक गेम बॉल बघायचाच नाही, पॉइंट संपल्यावर खेळाडू काय करतो तेवढंच बघायचं. कुठे बघतो, टॉवेल कधी घेतो, चुकल्यावर आणि जिंकल्यावर चालण्यात फरक पडतो का. आमच्या बॅचची मुलं यावर वाद घालतात, इतकं बारीक बघतात.

मोठेपणी सुरू करणाऱ्यांनो

उशीर झाला असं मनात असेल तर आपला भारताचा रोहन बोपण्णा आठवा. जानेवारी २०२४ मध्ये, ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन डबल्स जिंकला आणि डबल्समध्ये जगात एक नंबर झाला, इतक्या वयात पहिल्यांदा एक नंबर झालेला दुसरा पुरुष खेळाडू नाही. त्याच्या थोडं आधी, २०२३ च्या हांगझो एशियन गेम्समध्ये तो आणि आपली महाराष्ट्राची ऋतुजा भोसले मिक्स्ड डबल्सच्या फायनलला पहिला सेट २-६ हरले, दुसरा ६-३ घेतला आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो मॅच टायब्रेक १०-४ मारून गोल्ड आणलं. त्या मॅचमध्ये मला सगळ्यात काय आवडलं असेल तर पहिला सेट गेल्यावर दोघं एकमेकांशी बोलत होते ते. डबल्समध्ये पार्टनर चुकला की आपण बूट बघतो, आकाश बघतो, त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघतो. प्रत्येक पॉइंटनंतर पार्टनरजवळ जाऊन हाताला हात लावायचा, चूक त्याची असली तर आधी जायचं. रविवारी सकाळच्या काका मंडळींच्या डबल्सला मी हे सक्तीचं केलंय, सुरुवातीला त्यांना संकोच वाटला, आता कोणी विसरलं तर एकमेकांना आठवण करतात.

बाकी तुमच्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी. माळ्यावरची जुनी जड रॅकेट काढू नका, ग्रिप हाताच्या मापाची घ्या, स्ट्रिंग मऊ ठेवा, नाहीतर कोपर धरतं आणि टेनिस एल्बो महिनोन्महिने पिडतो. ऑरेंज किंवा हिरव्या बॉलने सुरू करा, शेजारच्या कोर्टवर दहा वर्षांची मुलगी तुमच्यापेक्षा चांगली खेळत असेल तर तिच्याबरोबर एक रॅली मागा, त्या मुलांना फार आनंद होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी सात-साडेसातला आटपा, लिंबू, मीठ, साखरेचं पाणी बाटलीत ठेवा, आणि बाजू बदलताना ९० सेकंदं खरंच बसा. मोबाईल बॅगेतून काढू नका.

वही

शेवटची गोष्ट, आणि ही करणारे फार कमी. एक छोटी वही बॅगेत. मॅच झाली की त्याच दिवशी तीन ओळी, जास्त नाही. पहिली ओळ, समोरचा कसा खेळला. दुसरी, मधला क्रम कुठे सुटला. तिसरी, पुढच्या आठवड्यात कोर्टवर काय करायचं, आणि ते करता येण्यासारखं असलं पाहिजे. "मेंटली स्ट्राँग व्हायचं" असं लिहिलं तर मी परत देतो वही. मघाच्या त्या हिरव्या टॉवेलवाल्या मुलीची एक नोंद तिला विचारून इथे देतोय: "ती डावखुरी होती, सर्व्ह बाहेरच्या बाजूला वळायचा. ४-४ ला घाईत दोनदा डोंगर बघितला नाही. मंगळवारी सरांना डावखुरा सर्व्ह टाकायला सांगणे, ॲड कोर्ट (डावी बाजू), बॅकहँड रिटर्न क्रॉस." मुलांच्या वह्या पालकांनी मागून वाचायच्या नाहीत, दाखवल्या तर बघायच्या. मोठ्यांनी ऑफिसच्या डायरीत लिहिलं तरी चालतं, फक्त स्कोअर लिहू नका, तो लक्षात राहतोच.